घर विट्यात, होम नांदेडला

आधी चूक कुठं झाली तेच सांगते. २०२५ च्या जूनअखेरीला माझ्या लेकीचा, तायडीचा, इंजिनिअरिंगचा कॅपचा, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या एकत्र ऑनलाईन अॅडमिशनचा फॉर्म भरायला आम्ही दोघी एका नेटकॅफेत गेलो आणि तिथल्या पोरानं मोबाईल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला. मी शेजारच्या स्टुलावर बसलेली, डोळ्यानं बघितलं. तर म्हणाला, काकू, ओटीपी सारखे सारखे येतात, तुम्ही किती वेळ फोन धरून बसणार, माझाच टाकतो, काय आलं की कळवतो. मला वाटलं, किती गुणाचं पोरगं. ईमेल पण त्याचाच, पासवर्ड पण त्यानंच ठरवला. आम्ही दीडशे रुपये दिले, प्रिंट घेतली, प्लॅस्टिकच्या फाईलीत घातली आणि घरी येऊन चहा ठेवला, काम झालं म्हणून.

काम तिथून सुरू झालं होतं.

आम्ही विट्याचे. घरचे चार माग आहेत, ते तायडीचे पप्पा बघतात, मी पिको-फॉल आणि ब्लाऊजचं करते. मी बीए आहे, पण माझ्या वेळी अॅडमिशन म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर मार्कलिस्ट दाखवायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची. खिडकीमागचा क्लार्क खेकसायचा पण निदान बोलायचा तरी. इथं कोण बोलतच नाही. लाल अक्षरात एक ओळ येते आणि ती ओळ काय म्हणते ते तुमचं तुम्ही शोधायचं.

तायडी अकरावी-बारावीला लातूरला होती. आधी नीटचं डोक्यात होतं, मग अकरावीच्या शेवटाला म्हणाली मला बेडूक-झुरळ नको, बायो सोडते. सोडलं. लातुरात रूम केलेली, मेसचं जेवण, दोन वर्षं आम्ही महिन्याला एक चक्कर. ही लातूरची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं हिनंच आम्हाला पाडलं.

१६ जूनला सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. ९१.४ पर्सेंटाइल आणि पुढं अजून आकडे, कारण हे लोक पॉइंटनंतर सात आकडे देतात. माझ्या भावाला फोन केला तर तो खूष, "एक्क्याण्णव टक्के! पेढे वाटा!" मी पण त्याच हिशोबात होते. पुण्याच्या नणंदेचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी ह्याच चक्रातून गेलेला, त्यानं फोनवर हळूच हवा काढली. म्हणाला, मामी, हे टक्के नाहीत. पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला चार लाखांच्या वर पोरं बसलेली, एक्क्याण्णव म्हणजे तायडीच्या मागं शंभरातली एक्क्याण्णव आणि पुढं नऊ. चार लाखातली नऊ टक्के किती होतात करा बघू. मी खडूनं कापडाच्या तुकड्यावर गुणाकार केला. छत्तीस हजार. छत्तीस हजार पोरं हिच्या पुढं उभी आहेत म्हटल्यावर पेढ्यांचा विषय संपला. पण तो हेही म्हणाला, घाबरू नका, त्यातली सगळी इकडं येत नाहीत, कोण आयआयटी-एनआयटीला जातंय, कोण बाहेर जातंय, कोण फॉर्मच भरत नाही, आणि राज्यात सीटा भरपूर आहेत, प्रश्न फक्त कुठं आणि काय हा आहे.

कागदपत्रांचं म्हटलं तर आम्ही निम्मे नशीबवान. ओबीसीचा दाखला होता, आणि कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातपडताळणीचा कागद, बारावीत असतानाच काढून ठेवलेली, लातूरच्या एका मॅडमनी मागं लागून लागून फॉर्म भरायला लावले होते, त्या बाईंना माझा नमस्कार. ज्यांची व्हॅलिडिटी नाही त्यांची जुलैमधली पळापळ मी बघितली आहे, अर्जाची पावती जोडून तात्पुरतं चालतं पण मुदतीत मूळ कागद आला नाही तर सरळ ओपनमध्ये टाकतात. आमचं अडलं ते नॉन क्रिमीलेअरवर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यावर. होतं की! तायडीच्या दहावीनंतर काढलेलं, लॅमिनेशन करून कपाटात ठेवलेलं. त्यावर तारीख ३१ मार्च २०२५. आणि २०२५ च्या अॅडमिशनला पाहिजे ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं. म्हणजे घरात दाखला आहे, खरा आहे, शिक्का आहे, पण मेलेला आहे. लॅमिनेशन करताना मेल्याची तारीख कोण बघतं.

मग सेतू. तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आधी तहसीलमधून, तो आला की मग नॉन क्रिमीलेअरचा अर्ज, तो प्रांताच्या सहीला जातो. त्यात सेतूतल्या बाईंनी विचारलं, "राज्याचं पाहिजे का केंद्राचं?" मी म्हटलं, "ओबीसीचं पाहिजे." त्या हसल्या. दोन नमुने वेगवेगळे असतात, केंद्राच्या नोकऱ्यांना आणि आयआयटी-एनआयटीसारख्यांना केंद्राचा, आपल्या कॅपला राज्याचा. ईडब्ल्यूएसवाल्यांची, म्हणजे आर्थिक दुर्बलांची पण हीच गत. माझ्या पुढं रांगेत एक दादा होते, पोराचं केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस घेऊन आलेले, आता परत पहिल्यापासून. त्यांनी डोक्याला हात लावला नाही का काही नाही, नुसते जाऊन बाकड्यावर बसले आणि तंबाखू मळायला लागले.

तोवर आम्ही अर्जाची पावती जोडून फॉर्म पाठवलेला होता, नेटकॅफेतूनच. इथं एक पाटी येते, स्क्रूटिनी, म्हणजे कागदांची तपासणी कशी करायची, ई का प्रत्यक्ष. ई म्हणजे कागद स्कॅन करून चढवायचे, ते लोक तिकडून तपासतात, आपण कुठं जायचं नाही. प्रत्यक्ष म्हणजे सेंटर निवडायचं, वेळ घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचं. पोरानं न विचारता ई टाकलं. त्याचं बरोबर पण असेल, पण मला विचारलं असतं तर मी प्रत्यक्ष म्हटलं असतं, समोर माणूस असला की मला धीर येतो. जाता जाता, त्या सेंटरला सगळे एससी एससी म्हणतात, स्क्रूटिनी सेंटर म्हणून, आणि मला दोन दिवस वाटत होतं की ते फक्त त्या कॅटेगरीच्या मुलांसाठी असणार, आपलं ओबीसीचं वेगळं असेल. हसू नका. फॉर्ममध्ये एकाच पानावर दोन्ही अर्थानं एससी लिहिलेलं असतं.

आठ दिवस झाले, काहीच निरोप नाही. मी कॅफेत फोन केला, बंद. परत केला, बंद. यांना पाठवलं तर शटर खाली, शेजारचा चहावाला म्हणाला पोरगं मामाच्या गावाला गेलंय, लग्न आहे. आणि आमच्या फॉर्मचं काय झालंय ते बघायला लॉगिन पाहिजे, लॉगिनला पासवर्ड पाहिजे, पासवर्ड विसरलात का वर क्लिक केलं की ओटीपी जातो लग्नात. तायडी रडायला लागली. तिचे पप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी मशीनकडं बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी पोरगं आलं, हातावर मेंदी, म्हणजे लग्न त्याच्या बहिणीचं असावं, मग मला काही बोलता पण येईना. लॉगिन उघडलं तर फॉर्म चार दिवसांपूर्वीच परत पाठवलेला, रिव्हर्ट म्हणतात त्याला. शेरा काय तर इंग्रजीत एवढंच, की योग्य डॉक्युमेंट अपलोड करा. कुठलं? अकरा कागद चढवलेत आम्ही. त्यातलं कुठलं अयोग्य ते सांगायला काय जात होतं? पोरगं म्हणालं एनसीएलची, म्हणजे नॉन क्रिमीलेअरची पावती असेल. तायडी म्हणाली फोटो असेल. मी एकेक फाईल उघडायला लावली आणि मोठी करून बघितली, आणि बारावीच्या मार्कलिस्टवर सापडलं. स्कॅन करताना वरची कडा कापली गेलेली, सीट नंबर अर्धाच दिसतोय. ठरलेल्या साइजच्या आत बसवायला म्हणून त्यानं फाईल इतकी आवळलेली की आकडे म्हणजे मुंग्या. शिवणकाम करणाऱ्या बाईला कडा कापलेली लगेच दिसते, एवढंच माझं क्वालिफिकेशन. परत स्कॅन केलं, परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी पास झालं.

त्या दिवशी मी एक कागद घेतला आणि अॅप्लिकेशन आयडी, पासवर्ड, सगळं मोठ्या अक्षरात लिहून देवघराच्या खाली ठेवलं. नंबर बदलायला पण काहीतरी अर्ज करता येतो म्हणे, पण आम्ही तो केलाच नाही, मधेच काही बिघडलं तर काय घ्या. सीझनभर प्रत्येक ओटीपीला त्या पोराला फोन. जेवत असला तरी सांगायचा बिचारा, पण एकदा रात्री अकराला फोन केला तर त्याच्या आईनं उचलला, तो प्रसंग नको.

आता लातूर.

तात्पुरती मेरिट लिस्ट लागली, आम्ही नाव शोधलं, नावापुढं होम युनिव्हर्सिटीचा रकाना, आणि त्यात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मी तायडीला म्हटलं, बघ त्या कॅफेवाल्यानं काय घोळ घातलाय! आपला सांगली जिल्हा, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पाहिजे, सात पिढ्या इथं गेल्या. तरातरा गेले त्याच्याकडं, चांगलं झाडलं. ते बिचारं फॉर्म दाखवतंय, काकू मी काही टाकलंच नाही, आपोआप आलंय. शेवटी पुण्याला फोन. भाचा म्हणाला, बरोबर आहे मामी, होम म्हणजे घर नाही. बारावी जिथल्या कॉलेजातून केली तो जिल्हा ज्या विद्यापीठात, ते होम. लातूर नांदेडच्या विद्यापीठात येतं.

म्हटलं ह्यानं फरक काय पडतो? तर फरक असा, की विद्यापीठाखालच्या कॉलेजांत कॅपच्या सीटांपैकी ७० टक्के होमवाल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे सांगली, कोल्हापूर, सातारा ह्या पट्ट्यातल्या बऱ्याच कॉलेजांत आमची विट्याची पोरगी बाहेरची. आणि जी नांदेडला आयुष्यात कधी गेली नाही ती तिथली घरची. दोन वर्षं आम्ही भाडं भरून पोरीला लातूरला ठेवलं ते तिचं भलं व्हावं म्हणून, आणि कुठल्याच माणसानं, क्लासवाल्यानं, कॉलेजवाल्यानं, आमच्या गावातली दहा पोरं तिकडं गेली त्यांच्या आईबापांनी, एकानं पण हे सांगितलं नाही. कदाचित त्यांना पण माहीत नसेल. मेडिकलच्या पोरांना हे सत्तर-तीसचं लागत नाही, तिकडचं सगळं लक्ष नीटवर, त्यामुळं विषयच निघत नाही. आता कोण अकरावीला पोरं बाहेरगावी पाठवत असेल तर मी रस्त्यात थांबवून सांगते. लोकांना वाटतं हिला लातूरचा राग आहे.

सगळीकडं असं नसतं हे पण खरं. काही कॉलेजांत सीटा राज्य पातळीच्या असतात, तिथं होम-बिम काही नाही, सगळा महाराष्ट्र एका रांगेत. आमच्या सांगलीचं वालचंद त्यातलं, पुण्याचं सीओईपी त्यातलं, मुंबईचं व्हीजेटीआय त्यातलं. पण ती नावं एक्क्याण्णवला फक्त घ्यायची, टाकायला पैसे पडत नाहीत म्हणून यादीत वर टाकायची.

हे सगळं कटऑफच्या पीडीएफमध्ये असतं पण ती वाचायला वेगळी शाळा पाहिजे. हजारभर पानं, आणि पानावर जी अक्षरं असतात, जीओपेनएच, एलओपेनओ, जीओबीसीएस, पहिल्यांदा बघितल्यावर मला औषधाची नावं वाटली. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर एक गाठ सोडवली आणि मग सगळी लड उलगडली. पहिलं अक्षर जी किंवा एल. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधलं म्हणजे कॅटेगरी. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस, म्हणजे होम, होमच्या बाहेरचं, आणि स्टेट. बस. जनरल म्हणजे मुलांचं असं नाही, मुलगी जी मध्ये पण बसते आणि वर एल मध्ये पण, मुलींना तीस टक्के वेगळ्या. आणि ओबीसीची पोरगी आधी ओपनमध्ये लागते का बघतात, नाही लागली तर मग ओबीसीत. म्हणजे आमची तायडी एका कॉलेजात चार दारांनी आत जाऊ शकते. फक्त दार ओ चं बघायचं, एच चं नाही. आम्ही आधीचे चार दिवस एच च्या रकान्याखाली पेन्सिलीनं खुणा करत बसलो होतो! सगळ्या खुणा खोडल्या आणि शेजारच्या रकान्यात परत केल्या, काही ठिकाणी आकडा खाली आला, बऱ्याच ठिकाणी वर गेला. आकड्यांच्या वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं, ते पण आम्ही एका संध्याकाळी उलटं वाचलेलं, सांगत नाही.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच पाहिजे ते क्रमानं लिहायचं. त्यात ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात. तीनशे! आमच्या यांनी तेवढं ऐकून म्हटलं मग तीनशे टाकू. मी म्हटलं लग्नाची पत्रिका वाटताय काय. शेवटी सत्तेचाळीस झाले. पण भांडण आकड्यावरून नाही, क्रमावरून झालं. तायडीच्या पप्पांचं म्हणणं, जे मिळण्यासारखं आहे ते पहिलं टाकायचं, मोठ्या कॉलेजाचं नाव पहिलं टाकलं आणि ते नाही मिळालं तर आपला नंबर वाया जाईल, तोवर खालची पण भरून जातील. हे इतक्या ठामपणे म्हणत होते की मला पण पटलं, कारण रेशनच्या रांगेत तसंच असतं. तसं नसतं. यंत्र आपला मेरिट नंबर घेऊन आपली यादी वरून खाली वाचत येतं, जिथं बसतंय तिथं थांबतं. एखादं कॉलेज आपण सतराव्या नंबरला टाकलं काय आणि पहिल्या नंबरला टाकलं काय, तिथं आपल्यापेक्षा कमी मेरिटचा माणूस आपल्या पुढं लागत नाही. म्हणून क्रम फक्त आवडीचा. हे मी यांना तीन वेळा सांगितलं, भाच्यानं दोन वेळा. मग मी चार खुर्च्या मांडल्या, तायडीला आणि शेजारच्या दोन पोरांना उभं केलं आणि हातात चिठ्ठ्या दिल्या. ते करून बघितल्यावर पटलं. शेजारची पोरं अजून तो खेळ खेळतात.

ह्या दिवसांत फोन फार येतात. आमच्या नशिबानं ते कॅफेवाल्याला जायचे, त्या नंबरचा हा एक फायदा, पण एकदोन यांच्याकडं पण आले, कुठून नंबर मिळतो देव जाणे. गोड आवाज, सर, आपल्या मुलीसाठी कॉम्प्युटरची सीट आजच ब्लॉक करा, उद्या राहणार नाही. ती इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट. विनाअनुदानित कॉलेजांना वीस टक्के सीटा स्वतःच्या पातळीवर भरता येतात, त्यातलं. यांचा हात खिशाकडं चाललेला. मी विचारलं, मुलींची फी माफ तिथं होते का? तिकडून पलीकडं खाकरण्याचा आवाज.

कारण ती फीमाफी हा आमच्या घरच्या बजेटचा खांब होता. गल्लीत सगळे म्हणतात मुलींना इंजिनिअरिंग फुकट झालं. २०२४-२५ पासून झालं आहे, पण फुकट ह्या शब्दाला बऱ्याच शेपट्या आहेत. ओबीसी, मराठा आरक्षणाच्या एसईबीसी, ईडब्ल्यूएस मधल्या मुली पाहिजेत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, आणि अॅडमिशन कॅपमधूनच झालेलं पाहिजे. माफ होते ती ट्युशन फी आणि परीक्षा फी. होस्टेल, मेस, बाकीचं सटरफटर आपलं आपण. गोड आवाजाच्या माणसाला सीट विकायची होती, पण त्या सीटवर ही माफी नाही, हे तो कधीच सांगणार नव्हता.

पहिल्या राउंडला तायडीला मिळालं पुण्याच्या बाहेर एका कॉलेजात ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची ब्रँच, यादीतला बावीसावा पर्याय. आनंद झाला, म्हणजे काहीतरी हातात आलं. मग पुढं दोन बटणं, फ्रीझ आणि बेटरमेंट. बेटरमेंट ह्या शब्दानंच मला भुरळ पडली, सगळ्यांनाच चांगलं पाहिजे असतं. फ्रीझ म्हणजे हेच घेतलं, खेळातून बाहेर. बेटरमेंट म्हणजे हे हातात ठेवून पुढं बघतो, एक हजार रुपये सीट अॅक्सेप्टन्सचे भरायचे, पुढच्या राउंडला काही नाही लागलं तर हे आहेच. आम्ही बेटरमेंट केलं. पैसे कटले, स्क्रीनवर फिरणारं चक्र, पावती नाही, बँकेचा मेसेज आलेला. अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. मग आली पावती.

आणि इथं दुसरा खड्डा होता ज्यात आम्ही पाऊल ठेवलेलंच होतं. दुसऱ्या राउंडला ऑप्शन फॉर्म नव्यानं भरायचा असतो. कॅफेतलं पोरगं म्हणालं, सोपं आहे काकू, जुनी यादी आहे तीच परत टाकू, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. टाकली. फक्त कन्फर्म करायचं राहिलेलं, ओटीपी त्याच्याच फोनवर आलेला. का कोण जाणे, मी म्हटलं थांब, पुण्याला विचारते. भाचा अक्षरशः ओरडला. "मामी, बावीसच्या खालचं सगळं काढा! नव्या यादीतलं काही पण लागलं की हातातली सीट आपोआप जाते. त्याला काय माहीत तुम्हाला चाळिसावं नकोय, तुम्ही लिहिलंय म्हणजे पाहिजे असंच धरणार." म्हणजे पोरीला बावीसावं मिळालेलं असताना आम्ही स्वतःच्या हातानं तिला पस्तिसाव्यावर ढकलायची चिठ्ठी लिहीत होतो, आणि ह्याचं नाव बेटरमेंट.

अजून एक सांगितलं त्यानं. त्या वर्षी चार राउंड होते आणि नियम असा, की पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला तर तो घ्यायचाच, आपोआप फ्रीझ. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातला लागला तर घ्यायचाच, तिसऱ्याला पहिल्या सहातला. म्हणून वरच्या तीनात असलं काही ठेवू नका जे मिळालं तर रडाल. मग आम्ही तिघं आणि ते पोरगं त्या गरम खोलीत बसून एकेक नाव परत वाचलं, हे मिळालं तर जाशील का, हे मिळालं तर जाशील का. तायडीनं पहिल्या तीनातलं एक स्वतः काढलं. बायोमेडिकल होतं. मी म्हटलं का गं, चांगलं आहे की. म्हणाली, "मम्मी, बेडूक." यादी झाली एकोणीसची. कन्फर्म.

दुसऱ्या राउंडला यादीतला दोन नंबरचा पर्याय लागला. घरापासून दीड तासावरचं कॉलेज, कॉम्प्युटर. अलॉटमेंट लेटरवर सीटचा प्रकार लिहिलेला असतो, तो मी आता चष्म्याशिवाय वाचू शकते, एलओबीसीओ. लेडीज, ओबीसी, आणि शेवटचा ओ. सकाळी डबा घेऊन एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येणारी पोरगी, कागदावर बाहेरची. मी ते लेटर शेजारच्या वहिनींना दाखवलं, त्यांना काही कळलं नाही, म्हणाल्या, मिळालं नव्हं, मग झालं.

रिपोर्टिंगला, म्हणजे अॅडमिशन पक्कं करायला, मूळ कागदांची फाईल घेऊन कॉलेजात गेलो. नॉन क्रिमीलेअर चार दिवस आधीच आलेलं, लॅमिनेशन केलेलं नाही. तिथले सर चांगले होते, एकेक कागद बघून टिक करत गेले, दहा मिनिटांत झालं. उठताना म्हणाले, फीमाफीसाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर फॉर्म भरा, विसरू नका, मुलीच्या आधारला जो मोबाईल जोडलाय त्यावर ओटीपी येईल.

मी तायडीकडं बघितलं. तायडीनं पप्पांकडं. आधार काढलं तेव्हा तायडी चौथीत होती आणि घरात एकच सिम होतं, ते आता तिच्या आजोबांच्या बटणांच्या फोनमध्ये. घरी आल्यावर मुद्दाम मी स्वतःच फॉर्म उघडला, कॅफेत गेले नाही, ओटीपी पाठवा दाबलं आणि यांनी आजोबांना फोन लावला. आजोबा शेतात, उसाला पाणी सोडलेलं. मेसेज आलाय का बघा म्हटलं तर म्हणाले, फोनवर बोलत असताना मेसेज कसा बघू? ठेवा मग, बघा, आणि परत फोन करा. पाच मिनिटांनी त्यांचा फोन. "आलाय. पण चष्मा घरी हाय. इथं गणपा हाय त्येला वाचायला दितो." गणपानं वाचला. पंचेचाळीस, बारा, असं जोड्या जोड्यांनी वाचला, शेवटची जोडी अठ्ठ्याऐंशी म्हणाला का अठ्ठ्याण्णव ते कळेना, पाण्याचा आवाज. आम्ही अठ्ठ्याऐंशी टाकलं. वेळ संपली.

"रीसेंड कर," तायडी म्हणाली, "आणि आजोबांना सांग, मोटर बंद करा आधी."